न दिसलेली प्यादेमात

मुळ्ये मास्तर पटावर जितके उदार, तितकेच पटाबाहेर चिकट. यातलं पहिलं क्लबातल्या मंडळींना ठाऊक होतं आणि दुसरं घरच्यांना. शाळेत ड्रॉइंग शिकवणारा हा हडकुळा गृहस्थ एकदा बुद्धिबळाला बसला, की घोडा काय, हत्ती काय, वाण वाटायला निघाल्यासारखा वाटत सुटायचा. समोरचा आधी हरखायचा, मग घाबरायचा आणि शेवटी आपला राजा आडवा करून उठायचा. वजीर देऊन मात करण्यासारखं सुख नाही, असं मास्तर म्हणत. घरी मात्र फणस फोडला की चांगले गरे आपल्या ताटलीत ओढून घेत आणि मग उरलेल्यांची वाटणी करत.

"पटावर वजीर उधळतात," लीलाबाई म्हणत, "पण हातातला एक गरा कुणाला देतील तर शपथ."

मास्तरांना हे टोमणे ऐकू येत नसत. डावाचा विचार चालू असला की त्यांना काहीच ऐकू येत नसे, आणि विचार तर कायमच चालू असे.

त्यांचा जीव होता तो देशी डावावर. क्लबातली पोरं विलायती नियमांनी खेळत, मास्तरही खेळत, पण घरच्या ओटीवर सावंतवाडीच्या लाल-हिरव्या सोंगट्या निघाल्या की देशीच. देशी डावात प्यादं पहिल्यापासून एकेक घर चालतं, आणि जिंकणं नुसतं जिंकणं नसतं. वजिराने मात केली तर ठीक, हत्तीने केली तर ठीक, पण साध्या प्याद्याने राजाला कोंडून मारलं तर ती प्यादेमात. ती करणाऱ्याचं नाव होतं आणि खाणाऱ्याचंही होतं, फक्त वेगळ्या प्रकारे. उलट समोरच्याची सगळी फौज मारून त्याचा नुसता राजा शिल्लक ठेवला, तर डाव तिथेच मोडतो. त्याला म्हणायचं बुर्जी. सगळं खाऊन हाती काही नाही, असा तो प्रकार. बुर्जी करणाऱ्याकडे लोक कीव केल्यासारखे बघतात.

तर अशी एक प्यादेमात मास्तरांनी बऱ्याच वर्षांपूर्वी लांज्याच्या गणेशोत्सवात केली होती. समोर होते हेदवीचे परशुरामपंत आगाशे, कलमांच्या मोठ्या बागेचे मालक. पंतांनी मास्तरांचा फुकटचा वजीर मोठ्या खुशीत उचलला, मांडवाकडे बघून मिशीवर हात फिरवला, आणि पाचव्या-सहाव्या खेळीला त्यांचा राजा एका लाल प्याद्याखाली चिरडला गेला. मांडवात टाळ्या झाल्या. मास्तर ते विसरले, कारण त्यांच्या असल्या करामती पुष्कळ होत्या. पंत विसरले नाहीत. हेदवीत पुढे कितीतरी दिवस कुणीतरी रस्त्यात गाठून विचारायचं, "काय पंत, वजीर पचला का?"

आता या जुन्या मातीतून नवं झाड उगवावं, ते नेमकं मास्तरांच्याच अंगणात. मास्तरांची उमा रत्नागिरीच्या एका बँकेत लागली. तिच्या शेजारच्या टेबलावर सखाराम आगाशे नावाचा मुलगा होता. आजोबांचं नाव ठेवल्यामुळे तो बिचारा पंचविशीतच म्हातारा वाटायचा, पण बाकी मुलगा लाखात एक. दोघांचं जमलं. जात एक, पत्रिका जुळत होती, कुणाला नाक मुरडायला जागा नव्हती. आणि मग कळलं की मुलगा हेदवीच्या परशुरामपंतांचा धाकटा.

पंतांनी नाही म्हटलं नाही. होही म्हटलं नाही. शिमगा गेला, आंबे आले, आंबे गेले, तरी हेदवीहून उत्तर नाही. उमा बोलत नव्हती, पण तिचा चेहरा उतरत चालला होता आणि लीलाबाईंना तो बघवत नव्हता. शेवटी एके दिवशी सखारामने निरोप आणला. बाबा रविवारी येतायत. आधी एक डाव खेळणार आहेत, मग उत्तर देणार आहेत.

लीलाबाईंनी मास्तरांना माजघरात बोलावलं. हातातली पळी खाली ठेवली, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"हरायचं," त्या म्हणाल्या.

"कोणी?"

"तुम्ही. दुसरं कोण खेळतंय?"

मास्तरांना हा विचार नवीन होता. ते हरत नसत असं नाही, हरत. पण ठरवून हरायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांना खरोखरच कळेना.

"अहो, मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे," लीलाबाई म्हणाल्या. "त्या माणसाच्या मनात लांजं सलतंय. ते निघालं की तो हो म्हणेल. आयुष्यात एकदा तरी हातचं काही सोडा."

दारात उमा उभी होती. तिने एवढंच विचारलं, "बाबा, जमेल तुम्हाला?"

त्या आवाजात इतकी शंका होती की मास्तर दुखावले. पटावर माझ्याइतकं सोडणारा जिल्ह्यात दुसरा कोण आहे, असं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण लीलाबाईंकडे बघून त्यांनी ते गिळलं.

रविवारी परशुरामपंत तवसाळहून खाडी ओलांडून जयगडला उतरले आणि तिथून एसटीने रत्नागिरीला आले. उंच, गोरे, मिशी पांढरी झालेली पण पीळ तसाच. सोबत सखाराम, पडलेल्या चेहऱ्याने. बातमी फुटलेली असल्यामुळे ओटीवर क्लबातले चारजण आधीच पाय पसरून बसले होते, आणि मिरकरवाड्याच्या रस्त्यावर दुकान असलेला भिकाजी शिंपी रविवारची कामं टाकून सगळ्यांच्या पुढे. मास्तरांचे डाव बघणं हा भिकाजीचा एकुलता एक षौक होता.

पंतांनी पाणी घेतलं, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि सर्वांसमक्ष सांगितलं, "एक आधीच बोलून ठेवतो, मास्तर. लोक म्हणतात, मुलीचा बाप मुद्दाम हरेल. मला भीक नको. तुम्ही मुद्दाम हरताय असं मला नुसतं वाटलं, तरी मी उठून पहिली एसटी पकडीन. मग हे लग्न विसरा."

सखारामने डोळे मिटले. आत काहीतरी भांडं पडल्याचा आवाज आला.

मास्तरांची पंचाईत झाली. हरायला तर हवं, आणि हरणं दिसायला नको. बेंगरूळ खेळावं तर ह्या बेरक्या माणसाच्या लगेच ध्यानात येणार. विचार करता करता त्यांना एकदम वाट दिसली. मोहरे फुकट देणं हा तर आपला स्वभावच. आपण नेहमीसारखं वाटत सुटायचं, फक्त नंतरची मात करायची नाही. कुणाला संशय येण्याचं कारणच नाही. आपल्या हुशारीवर खूश होऊन त्यांनी लाल सोंगट्या मांडल्या.

डाव सुरू झाला. थोड्याच वेळात मास्तरांनी एक घोडा नेऊन हिरव्या प्याद्याच्या तोंडात दिला. त्यामागे काही बेत नव्हता, फास नव्हता, काहीही नव्हतं. शुद्ध फुकट.

पंतांनी घोड्याकडे बघितलं. मास्तरांकडे बघितलं. पुन्हा घोड्याकडे बघितलं. मग पान लावलं, खाल्लं, आणि घोड्याला हात न लावता दुसरीकडेच हत्ती सरकवला.

"वाघ हाय त्यो, घोडा न्हाय," भिकाजी शेजारच्याला म्हणाला. "पंतांनी बराबर वळखलान."

मास्तरांनी उंट दिला. पंतांनी तोही घेतला नाही. उलट त्या उंटाच्या धाकाने आपला वजीर मागे नेऊन अडगळीत ठेवला. मास्तरांनी हत्ती उघड्यावर टाकला. पंत घामेघूम झाले, पण घेईनात. दिलेला मोहरा पटावर तसाच उभा राही आणि पंत त्याच्या भीतीने आपली चांगली फळी विस्कटून टाकत. अर्धा तास हा प्रकार चालला आणि मास्तरांच्या ध्यानात आलं, की आपण जिंकायला लागलो आहोत.

"घ्या हो पंत," ते न राहवून म्हणाले. "खरंच फुकट आहे."

"लांज्यातही तुम्ही हेच म्हणाला होतात," पंत म्हणाले.

लीलाबाई दाराआडून खुणा करत होत्या. त्यांना डाव कळत नव्हता, पण लाल सोंगट्या जिथल्या तिथे आहेत एवढं दिसत होतं. मास्तरांनी तिकडे बघायचं टाळलं. जन्मभर ज्या नावलौकिकासाठी झटलो, तोच आज गळ्यात धोंडा होऊन बसला होता. मुळ्ये मास्तर देतात ते कुणी घेऊ नये, हे आता हेदवीपर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं.

मग एकच उपाय राहिला. घेत नसेल तर घ्यायला लावायचं. मास्तरांनी हत्ती उचलला आणि थेट हिरव्या राजाच्या पुढ्यात आपटला. शह. राजाला तो मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पंतांनी मारला. मास्तरांनी उंट टाकला. शह. तोही मारावा लागला. मग दुसरा हत्ती, दुसरा उंट, एकेक करून दोन्ही घोडे, दर वेळी शह, दर वेळी मेला. शेवटी लाल वजीर वाऱ्यासारखा पट ओलांडून गेला आणि राजाशेजारी जाऊन मेला. मास्तर नुसते नालायक सोंगट्यांचा कचरा काढत होते, पण बघणाऱ्यांना तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत भयंकर हल्ला वाटत होता.

"मास्तरानू, ह्ये काय केलात!" भिकाजी भारावून म्हणाला. "असा डाव मी जल्मात बघूक न्हाय."

हल्ला संपला तरी पंत जिवंत होते. त्यांनी पट नीट न्याहाळला आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढला. आपला राजा कोपऱ्यात ढकलला गेला आहे, शेजारी आपलाच उंट, पुढ्यात आपलंच प्यादं, बरीच अडचण आहे. पण मास्तरांकडे आता मूठभर प्याद्यांशिवाय काही नाही! ती प्यादीही पंतांनी भराभर गिळली. मास्तरांनी आपला राजासुद्धा पार पुढे, हिरव्या कोपऱ्यापर्यंत आणून ठेवला. मरायचंच आहे तर लांब कशाला, असा त्यांचा हिशोब होता.

आता पटावर लाल राजा आणि एक लाल प्यादं, एवढंच उरलं. ते प्यादं आपल्या राजाच्या अगदी शेजारी उभं होतं. पंतांचं एक प्यादं त्याला सहज मारू शकत होतं. पंतांचा हात पुढे आलाही, पण अर्ध्यावर थांबला.

"बुर्जी होईल," मागून कुणीतरी पुटपुटलं.

झालं. एवढी फौज हाताशी असून आगाशांनी बुर्जी केली, हे हेदवीत कळलं असतं तर वजीर परवडला असं म्हणायची पाळी आली असती. पंतांनी हात मागे घेतला. वजिराने सरळ मात करायची तरी सोय होती, पण पंतांना आता वजिराने मात नको होती. त्यांना हवी होती प्यादेमात. लांज्याची फेड लांज्याच्या भावाने. त्यांनी आपले मोहरे लाल राजाभोवती आणून उभे केले, शेवटचा घाव प्याद्याने घालायचा म्हणून एक तयारीची खेळी केली, आणि मिशीवर हात फिरवला.

मास्तरांनी पटाकडे पाहिलं आणि त्यांचा हात चष्म्याकडे गेला.

ही त्यांची सवय फक्त घरात ठाऊक होती. मात दिसली की ते आधी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत, घाई न करता, आणि मग खेळत. लहानपणी उमा समोर बसायची तेव्हा बाबांनी चष्मा काढला की सोंगट्या गोळा करायला लागायची.

त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मात जिथल्या तिथे होती. ते एकुलतं एक प्यादं एक घर पुढे सारायचं. शह. त्याला मारता येत नाही, कारण पाठीशी लाल राजा. हिरव्या राजाला हलता येत नाही, कारण एका अंगाला त्याचाच उंट, दुसऱ्या अंगाला त्याचंच प्यादं. वजीर, हत्ती, घोडे, उंट, सगळं सगळं देऊन टाकून, उरलेल्या एका प्याद्याने प्यादेमात. असा डाव मास्तरांनी कधी खेळला नव्हता, कधी ऐकला नव्हता. जन्मभर ते ज्याची वाट बघत होते ते आज त्यांनी न मागता समोर येऊन उभं राहिलं होतं, आणि तेसुद्धा हरायच्या नादात.

बोटं प्याद्यावर टेकली. त्यांना खरंच वाटलं की सारावं. लग्न काय, दुसरीकडे जमेल. मुली काय, रडतात आणि विसरतात. हा डाव पुन्हा येणार नाही. ही गोष्ट त्यांच्या मनात आली आणि तिची त्यांना लाजसुद्धा वाटली नाही, इतकी ती मात सुंदर होती.

"सरबत," उमा म्हणाली.

ती कोकमाच्या सरबताचे पेले घेऊन शेजारी उभी होती. तिची नजर पटावर नव्हती. ती बाबांच्या चष्म्याकडे बघत होती.

मास्तरांनी प्याद्यावरचं बोट उचललं. पेला घेतला, सगळा एका दमात प्यायले. मग राजाला धरलं आणि त्याला प्याद्याजवळून काढून एक घर खाली, बाजूला नेऊन ठेवलं, बरोबर तिथे, जिथे त्याला पंतांचं कोपऱ्यातलं प्यादं एक पाऊल टाकून मारू शकत होतं.

पंतांनी ते पाऊल टाकलं.

"प्यादेमात!" ते ओरडले. मग त्यांना हुंदका का आला हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. उठून त्यांनी मास्तरांना मिठी मारली. "मास्तर, काय लढलात! सगळं झोकून दिलंत. मुद्दाम हरणारा माणूस असा लढत नाही. मुलगी आमची."

लीलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. भिकाजी मात्र बराच वेळ पटाकडे बघत बसला होता आणि जाताना मास्तरांशी बोलला नाही.

लग्न मार्गशीर्षात रत्नागिरीतच झालं. पंगती उठल्या, मंडळी मांडवात पान खात बसली, आणि पंतांनी पट मागवला. लाल-हिरव्या सोंगट्या त्यांनी स्वतः मांडल्या, तो शेवटचा प्रसंग जसाच्या तसा. क्लबातले सगळे भोवती जमले.

"त्या दिवशी परत जाताना खाडीत लाँचमध्ये मी डाव मनात फिरवत होतो," पंत म्हणाले. "आणि इथे येऊन मी ताडकन उठून उभा राहिलो. तांडेल ओरडला, बसा म्हणून. बघा, मंडळी. आमच्या व्याह्यांची खेळी होती. हे प्यादं एक घर पुढे. बस्स."

सगळ्यांनी बघितलं. कुणीतरी 'अरारारा' केलं. ड्रॉइंगच्या मास्तरांना समोरचं चित्र दिसू नये, याची मांडवभर हळहळ झाली, आणि हळहळीत थोडी मजाही होती.

"सगळं देऊन बसलात, आणि घ्यायची वेळ आली तेव्हा डोळे मिटलेत," पंत प्रेमाने म्हणाले. "खरं सांगा, व्याही. दिसलं नाही?"

मास्तरांनी वर पाहिलं. तीस वर्षांपासूनचे सवंगडी समोर होते. भिकाजी होता, आणि त्याच्या डोळ्यांत नुसती विनवणी होती, की म्हणा मास्तर, दिसलं होतं म्हणा. एक शब्द पुरला असता. आणि तोच शब्द ऐकून पंत आत्ता, या मांडवातच, भीक मिळालेला माणूस झाले असते. उमाला उद्या त्यांच्याच घरी जायचं होतं.

"नाही हो," मास्तर म्हणाले. "दिसलंच नाही."

आतून लीलाबाईंचा आवाज आला, "वय झालं आता त्यांचं." त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं.

पंत पोट धरून हसले. हा किस्सा आता हेदवीत, लांज्यात, गुहागरात, जिथे जिथे पट मांडला जाईल तिथे तिथे सांगितला जाणार होता, आणि मास्तर हयात असेपर्यंत त्यांना तो शेजारी बसून ऐकायचा होता. वजीर देताना कधी एवढं दुखलं नव्हतं.

"मामंजी," उमा म्हणाली. नव्या हिरव्या बांगड्या सावरत ती पंतांच्या मागे येऊन उभी राहिली होती. "त्या दिवशी बाबांचा चष्मा खराब होता. मी सरबत घेऊन आले ना, तेव्हा त्यांनी तो नुकताच पुसून चढवला होता."

"पुसूनसुद्धा दिसलं नाही?" पंत म्हणाले. "मग तर कमालच झाली!"

मांडवात हशा पिकला. उमा हसली नाही. ती बापाकडे बघत उभी होती, आणि मास्तरांना कळलं की तिला पहिल्यापासून सगळं ठाऊक आहे.

मग तेही सगळ्यांबरोबर हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि उपरण्याच्या टोकाने पुसायला घेतला. बराच वेळ ते पुसत राहिले, कारण त्या क्षणी त्यांना समोरचं खरोखरच काही दिसत नव्हतं.